'डिसेंबर, १९६३' : मुख्य गायक मागे सरकला आणि गाणं एक नंबरला गेलं

दादरपश्चिम

नमस्कार मंडळी,

माझे बाबा मर्चंट नेव्हीत होते. १९७६ साली त्यांचं जहाज न्यू जर्सीत न्यूअर्कच्या बंदराला लागलेलं, तिथून त्यांनी एक छोटी तबकडी आणली, ४५ आरपीएमची. अमेरिकन ४५ ला मधे मोठ्ठं भोक असतं, आपल्या प्लेयरची दांडी त्यात नुसती खुळखुळते, म्हणून बाबांनी जाड पुठ्ठ्याची चकती कापली, कंपासने बरोब्बर मध्य काढला, सुईने बारीक भोक पाडलं आणि ती चकती तबकडीच्या मधे बसवली. जरा जरी तिरकी बसली की गाणं डुलायला लागायचं आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, अहो ते नीट बसवा आधी. चकती अजून आहे आमच्याकडे, कडा काळ्या पडल्यात पण आहे.

गाणं होतं फोर सीझन्स या अमेरिकन ग्रुपचं 'डिसेंबर, १९६३'. पुष्कळांना ते 'ओ, व्हॉट अ नाइट' म्हणूनच माहीत असेल, नावापुढे कंसात तेही लिहिलेलं असतं, तेच जास्त चाललं.

आता हा धागा कशासाठी, तर लहानपणापासून मी हे गाणं फ्रँकी व्हॅलीचं समजत आलो. फोर सीझन्स म्हणजे व्हॅली, व्हॅली म्हणजे तो आभाळाला लागणारा फॉल्सेटो (नेहमीच्या गळ्याच्या वरचा पातळ आवाज), 'शेरी'मधला, 'बिग गर्ल्स डोन्ट क्राय'मधला. मागच्या महिन्यात हेडफोन लावून शांतपणे ऐकलं तेव्हा लक्षात आलं की कडवी गाणारा माणूस व्हॅली नाहीच! तो आहे जेरी पोल्ची, बँडचा ड्रमर. व्हॅली येतो मधल्या भागात, आणि त्याच्यापुढे जो एकदम वर चढणारा आवाज आहे तो डॉन चिकोनीचा, म्हणजे बास गिटार वाजवणाऱ्याचा. म्हणजे ज्या माणसाच्या आवाजावर या ग्रुपचं सगळं दुकान चालत होतं त्याने आपल्या सगळ्यात मोठ्या कमबॅकच्या गाण्यात कडवी ड्रमरला दिली आणि उंच स्वर बासवाल्याला दिला. मला हे फार मोठं वाटतं.

मागची परिस्थिती बघा. १९६२ ते ६४ मधे यांची चार गाणी अमेरिकेत एक नंबरला गेलेली, 'शेरी', 'बिग गर्ल्स डोन्ट क्राय', 'वॉक लाइक अ मॅन' आणि 'रॅग डॉल'. बीटल्सच्या लाटेत भले भले वाहून गेले त्यात जे थोडे तगले त्यातले हे. पण सत्तरपर्यंत सगळं विरत गेलं. निक मॅसी ६५ सालीच सोडून गेलेला, टॉमी डिव्हीटो ७० मधे गेला, गाणी लिहिणारा बॉब गॉडिओ स्टेजवरून उतरून फक्त लिहायचं आणि प्रोड्यूस करायचं काम करू लागला. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीकडे गेले तिथे काहीच जमलं नाही. तिथे रेकॉर्ड केलेलं 'माय आइज अडोर्ड यू' कंपनीने पडून ठेवलं, व्हॅलीने त्या एका गाण्याची मास्टर टेप ४००० डॉलरला विकत घेतली, दुसऱ्या कंपनीकडून स्वतःच्या नावावर काढली आणि मार्च १९७५ मधे ते गाणं एक नंबर! मग नवा बँड बांधला, पोल्ची ड्रमवर, चिकोनी बासवर, ली शपिरो कीबोर्डवर, जॉन पैव्हा गिटारवर. 'हू लव्हज यू' तीन नंबरपर्यंत गेलं आणि त्याच नावाच्या अल्बममधून पुढचं सिंगल निघालं ते हे.

२१ फेब्रुवारी १९७६ ला ब्रिटनमधे एक नंबर, दोन आठवडे. त्या देशातला त्यांचा हा एकमेव नंबर वन, 'शेरी'लाही तिथे जमलं नव्हतं. मग १३ मार्चला अमेरिकेत बिलबोर्ड हॉट १०० वर एक नंबर, तीन आठवडे. 'रॅग डॉल'नंतर जवळजवळ १२ वर्षांनी. त्या अख्ख्या वर्षाच्या यादीत हे गाणं चौथं आलं.

माझं म्हणणं एवढंच की हे व्हॅली मागे सरकल्यामुळे झालं. तुम्हाला काय वाटतं सांगा. ज्यांनी त्या काळात ऐकलंय त्यांनी तर जरूर लिहा.

---

गीतमालाप्रेमी

सुंदर धागा. ती पुठ्ठ्याची चकती अगदी डोळ्यासमोर आली हो.

एक विचारतो. आम्ही लहानपणी बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लावून बिनाका गीतमाला ऐकायचो, अमीन सयानी एकेक पायदान चढत वर जायचे आणि घरात सगळे श्वास रोखून बसायचे. तिथे रेकॉर्डची विक्री आणि रेडिओ क्लबांची मतं धरायचे असं ऐकलेलं. तिकडे ७६ साली हे एक नंबर वगैरे कोण ठरवायचं? कॉम्प्युटर तर नव्हते ना घरोघरी.

---

दादरपश्चिम

काका, ब्रिटनमधे तेव्हा निवडक दुकानांना एक डायरी दिलेली असायची, कुठली रेकॉर्ड विकली ते दुकानदाराने त्यात लिहायचं आणि आठवड्याच्या शेवटी ती पाठवायची, त्यावरून बेरीज व्हायची. म्हणजे शुद्ध विक्री. अमेरिकेत बिलबोर्डचं हॉट १०० म्हणजे विक्री आणि रेडिओ दोन्हीची सरमिसळ. दुकानदार त्यांच्याकडे काय जोरात चाललंय ते सांगायचे, रेडिओ स्टेशनं त्यांच्या प्लेलिस्ट द्यायची आणि त्याला गुण देऊन यादी बनायची. १९९१ च्या शेवटी बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजायला लागले आणि रेडिओवर काय वाजतंय ते मशीन ऐकून नोंदवायला लागलं.

याचा आपल्या गाण्याशी फार जवळचा संबंध आहे पण तो पुढे लिहितो, आत्ता लोकलमधे आहे.

---

एडिसनकर

अरे वा, आमच्या गावचा विषय! गेली २२ वर्षं न्यू जर्सीत आहे. व्हॅली न्यूअर्कचा, म्हणजे तुमच्या बाबांनी ती तबकडी अगदी त्याच्या माहेरघरातून आणली म्हणायची.

ग्रुपचं नाव कुठून आलं माहितीये का? इथे युनियन टाउनशिपमधे एक बोलिंग अ‍ॅली होती, तिच्या लाउंजमधे गायचं काम मिळावं म्हणून हे लोक ऑडिशनला गेले आणि नापास झाले. त्या जागेचं नाव फोर सीझन्स. काम मिळालं नाही पण नाव घेऊन आले. मी आणि बायको त्यांच्या आयुष्यावरचं 'जर्सी बॉईज' ब्रॉडवेला बघून आलो होतो, ते २००५ ला सुरू झालं आणि २०१७ पर्यंत चाललं, ०६ चा उत्तम म्युझिकलचा टोनी पुरस्कार मिळाला. 'ओ, व्हॉट अ नाइट' सुरू झालं आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या सत्तरीच्या बायका चक्क उठून नाचायला लागल्या, कुणी त्यांना बसा म्हणालं नाही, आमच्या मागचेही उठले, मग आम्हीपण उठलो. मला तेव्हा या गाण्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं, घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत जुनी गाणी ऐकत बसलो.

रच्याकने (जाता जाता), गॉडिओ आणि व्हॅलीमधे जो निम्मा-निम्मा वाटणीचा करार आहे तो कागदावर नाही, नुसता हात मिळवून केलेला, साठीच्या दशकाच्या सुरुवातीचा. आणि तो चालत राहिला. मला तर या सगळ्या गोष्टीतली हीच सर्वात भारी गोष्ट वाटते.

---

मृण्मयी_नाशिक

धागा आवडला पण थोडी असहमत आहे, रागावू नका.

मूळच्या चार जणांमधला रेकॉर्डवर गाणारा फक्त एक, आणि तोही मधल्या चार ओळींपुरता. बाकी सगळे नवीन. मग याला फोर सीझन्सचं यश म्हणायचं की फोर सीझन्स या पाटीचं? नाटक कंपनीत सगळे नट बदलले आणि पाटी तीच ठेवली तर आपण म्हणतोच ना की ही ती कंपनी नव्हे. आणि व्हॅलीने मोठं मन दाखवलं हे आपण आत्ता म्हणतोय. कदाचित नव्या पोराचा आवाज त्या चालीला जास्त बसला म्हणून प्रोड्यूसरने निर्णय घेतला असेल, त्यात मोठेपणा कुठून आणायचा?

---

दादरपश्चिम

मृण्मयीताई, रागावण्यासारखं काही नाही, मुद्दा अगदी रास्त आहे.

मोठ्या मनाचं म्हणाल तर त्याच्या मनात काय होतं ते मला कुठून कळणार, ते मी मागे घेतो. पण पाटीबद्दल नाही मानत. कारण गाणं लिहिलं गॉडिओने, जूडी पार्करबरोबर, आणि प्रोड्यूसही त्यानेच केलं. 'शेरी' लिहिणाराही तोच होता. म्हणजे कंपनीचा नाटककार तोच, दिग्दर्शक तोच, जुना नायक मंचावर हजर आहे फक्त या नाटकात वेगळी भूमिका करतोय. आणि आवाज एकमेकांत गुंफायची जी या ग्रुपची रीत होती ती तर इथे आधीपेक्षा जास्त आहे, तीन वेगवेगळे गळे तीन वेगवेगळ्या उंचीवर.

उलट तुमच्या बाजूने एक पुरावा मीच देतो. याच अल्बममधून पुढे 'सिल्व्हर स्टार' आलं, त्यात मुख्य गायक पूर्णपणे पोल्ची, व्हॅली नुसता मागच्या कोरसमधे. ब्रिटनमधे ते तीन नंबरला गेलं पण अमेरिकेत ३८ च्या पुढे सरकलं नाही. म्हणजे व्हॅली अजिबातच नको असं नव्हतं, घरच्या लोकांना तो कुठेतरी ऐकू यायला हवा होता. माझ्या शीर्षकात थोडी दुरुस्ती करायला हवी, मागे सरकला पण खोलीबाहेर गेला नाही.

---

ठेकेदार_ठेक्याचा

मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो, पंचवीस वर्षं झाली, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पोल्ची हे गाणं स्टेजवर वाजवता वाजवता गायचा हे लक्षात घ्या. ठेका ऐकायला सोपा आहे, पायाने किक सरळ चारही मात्रांवर, डिस्कोत असते तशी. पण कडव्याचे शब्द त्या ठेक्यावर नीट बसत नाहीत, थोडे आधी येतात, थोडे रेंगाळतात. हात एक सांगतोय आणि जीभ दुसरं. आम्ही एका लग्नाच्या कार्यक्रमात हे बसवायचं ठरवलं, पहिल्या दिवशी मी गायला लागलो की माझा पाय शब्दांच्या मागे पळायचा. शेवटी तीन दिवस नुसती किक वाजवत शब्द बोलत राहिलो, गायलो नाही, फक्त बोललो, तेव्हा कुठे दोन्ही सुटे झाले.

दुसरी गोष्ट कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांची. कडव्याखाली जे चार कॉर्ड फिरतात ते पन्नासच्या दशकातल्या डू-वॉपचे आहेत, पहिला, सहावा, चौथा, पाचवा आणि परत पहिला. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून पोरं नुसत्या गळ्याने गायची त्या गाण्यांतला हा फेरा. 'शेरी'मधेही जवळपास तोच फिरतो. म्हणजे खालची जमीन यांची स्वतःची, लहानपणची, आणि तिच्यावर ७५ सालचा नाचाचा ठेका टाकलाय. म्हणून ते गाणं नवीन पण वाटतं आणि ओळखीचं पण. डिस्को आली म्हणून डिस्को केली असं नाहीये ते, पियानो जो ठणठण वाजतोय तो ऐका एकदा नीट, त्यात जुना रॉक अँड रोलच आहे.

दादरपश्चिम, तुमच्या म्हणण्याला माझं +१, आणि मृण्मयीताईंच्या पण.

---

उत्तररात्र

वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

यात एक गंमत मला दिसली ती सांगतो. १३ मार्चला हे गाणं एक नंबरला गेलं तेव्हा त्याने कुणाला खाली ओढलं? मिरॅकल्सच्या 'लव्ह मशीन'ला. आणि मिरॅकल्स म्हणजे स्मोकी रॉबिन्सनचा ग्रुप, तोही पन्नासच्या दशकातला, स्मोकी ७२ साली बाहेर पडलेला आणि त्याच्या जागी बिली ग्रिफिन गात होता. म्हणजे लागोपाठच्या आठवड्यांत दोन म्हातारे व्होकल ग्रुप एक नंबरला, दोघांचीही कडवी नव्या माणसाच्या तोंडी, दोन्ही गाणी नाचायची. त्यानंतर जॉनी टेलरच्या 'डिस्को लेडी'ने यांना खाली आणलं, तोही पन्नासच्या दशकातच गायला लागलेला. मला वाटतं त्या वसंतात अमेरिकेत जुन्या गळ्यांना डान्स फ्लोअरने परत आत घेतलं होतं.

अजून एक उदाहरण, बीच बॉईजचं 'कोकोमो', १९८८. 'गुड व्हायब्रेशन्स'नंतर २२ वर्षांनी त्यांचं गाणं एक नंबर झालं, आणि ग्रुपचा मेंदू ब्रायन विल्सन त्या रेकॉर्डवर नाहीच. मला 'कोकोमो' खास आवडत नाही खरं सांगायचं तर, त्यात तहान नाहीये. 'डिसेंबर'मधे आहे.

---

स्मिता_ईएनटी

इथे एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे.

फ्रँकी व्हॅलीला ओटोस्क्लेरोसिस होता. कानाच्या आत रिकिबीच्या आकाराचं एक इवलंसं हाड असतं, तांदळाच्या दाण्याहून लहान, आवाज आला की ते हलतं आणि पुढे पोचवतं. या आजारात त्याच्या मुळाशी नवीन हाड साचतं आणि ते जागच्या जागी जखडतं. ऐकू येणं हळूहळू कमी होत जातं. व्हॅलीला साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हा त्रास सुरू झाला आणि १९८० मधे ऑपरेशन होऊन ऐकू यायला लागलं. म्हणजे ७५ साली 'डिसेंबर' रेकॉर्ड झालं तेव्हा तो नीट ऐकू न येता, आठवणीवर गात होता.

म्हणून कडवी दुसऱ्याला दिली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण माझ्याकडे जे रुग्ण येतात त्यात गाणारे असतात, ते सांगतात की आपला आवाज डोक्यात मोठा ऐकू येतो आणि बाकीचा वाद्यमेळ लांब गेल्यासारखा. अशा अवस्थेत दोन दुसऱ्या आवाजांच्या मधे बरोब्बर सुरात शिरायचं आणि बाहेर पडायचं, हे मी आज पाच वेळा ऐकलं. दवाखाना उघडायला उशीर झाला.

---

एडिसनकर

डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद.

---

वैद्य_काका_सातारा

अवांतर: मी वाचलंय की हे गाणं मुळात १९३३ च्या डिसेंबरवर होतं. ५ डिसेंबर १९३३ ला अमेरिकेतली दारूबंदी उठली, त्या रात्रीचं गाणं. मग ते बदलून ६३ कसं झालं?

---

दादरपश्चिम

अवांतर नाही काका, मुद्द्याचंच आहे. गॉडिओने आधी तसंच लिहिलं होतं, दारूबंदी उठल्याच्या रात्रीवर. व्हॅलीला आणि जूडी पार्करला ते शब्द पटले नाहीत, म्हणून चाल तीच ठेवून शब्द बदलले आणि एका तरुणाची आयुष्यातली पहिली रात्र त्यात आली. जूडी पुढे गॉडिओची बायको झाली.

बघा ना, व्हॅलीने स्वतः कडवी गायली नाहीत पण ती कशाबद्दल असावीत यात त्याचं म्हणणं होतंच. दारूबंदीचं गाणं मुंबईत कुणाला कळलं असतं, आमच्याकडे १९४९ च्या कायद्याचे परमिट अजून चालू होते! पण एका रात्रीची आठवण सगळ्यांना कळते, माझ्या आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं तरी तिला ते आनंदाचं गाणं आहे हे कळायचं.

---

अपर्णा_लिऑन

फ्रान्समधून नमस्कार. इथे हे गाणं कुणी अमेरिकन मानतच नाही. क्लोद फ्रान्स्वाने १९७६ मधेच फ्रेंचमधे केलं, 'सेत अने ला', आणि इथल्या लग्नांत आजही आज्या त्याच्यावर नाचतात. मग २००० साली यानिक नावाच्या रॅपरने त्याच चालीवर 'से स्वारे ला' केलं आणि तेही इथे एक नंबरला गेलं. माझ्या ऑफिसातल्या मुलीला मी मूळ गाणं ऐकवलं तर म्हणाली, छान आहे, यांनी आमचं गाणं इंग्रजीत केलं का?

---

शुभदा_जे

मी ९४ साली अमेरिकेत एमएस करत होते आणि तेव्हा हे गाणं रेडिओवर सतत वाजायचं! मला ते नवीनच वाटलेलं, रूममेटच्या आईने सांगितलं की हे तिच्या कॉलेजातलं. हे कसं काय?

---

दादरपश्चिम

शुभदाताई, हेच लिहायचं राहिलं होतं, गीतमालाप्रेमी काकांना कबूल केलेलं.

बेन लीब्रांड नावाच्या डच डीजेने १९८८ मधे याचा रिमिक्स केला होता. १९९४ मधे तो अमेरिकेत निघाला आणि गाणं परत हॉट १०० वर चढलं, १४ नंबरपर्यंत गेलं. ७६ च्या फेरीत ते यादीवर २७ आठवडे होतं. दुसऱ्या फेरीतही बरोब्बर २७. एकूण ५४, आणि तोपर्यंत हॉट १०० वर एवढे आठवडे कुठल्याच गाण्याने काढले नव्हते.

आणि काका, हे बघा. पहिले २७ आठवडे दुकानदारांच्या सांगण्यावरून आणि रेडिओच्या कागदांवरून मोजलेले, दुसरे २७ बारकोडने आणि मशीनने. मोजायची पद्धत पार बदलली, ऐकणारी पिढी बदलली, आणि आकडा तोच आला.

---

गीतमालाप्रेमी

वा! म्हणजे दोन वेगळे तराजू आणि वजन तेच. हे मी आज संध्याकाळी कट्ट्यावर सगळ्यांना सांगणार.

---

मृण्मयी_नाशिक

आता मलाही हेडफोन लावून ऐकावं लागलं. पाटीबद्दलचं माझं मत निम्मं बदललंय. निम्मं तसंच आहे. पण व्हॅली जिथे आत येतो तिथे खोलीत कुणीतरी वडीलधारं आल्यासारखं वाटतं, हे मान्य.

---

दादरपश्चिम

काल रविवारी बाबांकडे गेलो होतो. आता ८३ चे आहेत. प्लेयर दुरुस्त करून ठेवलाय, ती तबकडी काढली, चकती त्यांनीच बसवली, हात थोडा थरथरतो पण मध्य पहिल्या फटक्यात बरोबर. कडवं सुरू झाल्यावर विचारलं, बाबा हा कोण गातोय? म्हणाले, फ्रँकी व्हॅली, अजून कोण. मी काही बोललो नाही. मधला भाग आला तसं त्यांनी बोट वर केलं, थांब म्हणाले, हा फ्रँकी. मग तो आधीचा कोण होता?

आम्ही सुई उचलून परत पहिल्यापासून लावली.